आम्ही गिऱ्हाईक की फुकटचे तपासनीस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत त्या नव्या फोल्डिंग चाकूवर अर्धं पान आलं होतं. फोटो भारी, हेडिंग त्याहून भारी, आणि ते वाचून आमच्या गोडाउनमधल्या दोघांनी लगेच बुकिंगसाठी मोबाइल काढले, म्हणून म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. कारण तो चाकू माझ्याकडे आहे. म्हणजे होता, सध्या तो कुरिअरने कंपनीकडे परत गेलाय, ते पुढे येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एक तर त्यांच्याशी माझं मेलवर बोलणं चालू आहे आणि मला जे म्हणायचंय ते काही या एकाच कंपनीपुरतं नाही.

आधी कबूल करतो, या चाकूची सगळ्यात जास्त वाट मीच बघत होतो. आमचं काम खोकी फोडायचं, दिवसाला शंभर-सव्वाशे सहज, मधेच प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मधेच सुतळी, त्यामुळे चाकू आम्हाला शोकेसमध्ये ठेवायला नको असतो, तो खिशातल्या पेनसारखा असतो. कंपनीने पहिलं चित्र टाकलं त्याला अकरा महिने झाले. मग दर पंधरा दिवसांनी एकेक तुकडा, आज नुसती क्लिप, पुढच्या वेळी नुसती पात्याची सावली, मग तो व्हिडिओ, ज्यात अंधारात चाकू खट्कन उघडतो आणि व्हिडिओ संपतो. तेवढा तो खट् मी किती वेळा ऐकला असेल देव जाणे, बायको म्हणाली एवढी वाट तर तुम्ही लग्नाची पण बघितली नव्हती. तारीख दोनदा पुढे गेली. लोक चिडले, मी उलट त्यांनाच समजावत होतो की घाई कशाला, उशीर होतोय म्हणजे नीट तपासून देतायत. काय भोळा माणूस मी.

पार्सल आलं. खोकं फर्स्ट क्लास, आत फोम, कापडी पाउच, दोन स्टिकर, आणि एक जाड कार्ड ज्यावर आमच्या परिवारात तुमचं स्वागत वगैरे. चाकू उघडला आणि खरं सांगतो, पहिल्या झटक्याला जीव सुखावला, बॉल बेअरिंगवर फिरतो तो, काही अडथळाच नाही. मग मिटवला आणि ट्यूबलाइटकडे धरून बघितलं. मिटलेलं पातं दोन्ही बाजूच्या पत्र्यांच्या बरोबर मधे बसायला हवं, हे टोकाकडे डावीकडे एवढं कललेलं की पातं आणि पत्रा यांच्यात वहीचा कागद सरकेना. धारेचा जो चकचकीत उतार असतो तो एका बाजूने एकसारखा आणि दुसऱ्या बाजूने टाचेपाशी, म्हणजे मुठीजवळ, बारीक नि टोकाशी जवळजवळ दुप्पट रुंद, म्हणजे घासायच्या फिरत्या बेल्टवर धार काढणाऱ्याचा हात एका अंगाला नीट बसला आणि दुसऱ्या अंगाला गडबडला. असो, एवढ्याने काही कापायचं थांबत नाही. चौथ्या दिवशी पातं आडवं डुगडुगायला लागलं. पातं ज्यावर फिरतं तो पिव्हटचा स्क्रू सैल, टॉर्क्सच्या टी-८ ने, म्हणजे चांदणीच्या टोकाच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने, पाव फेरा आवळला, ठणठणीत झालं, दोन दिवसांनी परत सैल. थ्रेडलॉकचा तो निळा थेंब असतो ना, तो लावला की स्क्रू असा आपोआप फिरत नाही, पण तो लावायलाही एक माणूस आणि अर्धं मिनिट लागतं.

आणि नवव्या दिवशी ते झालं. जाड पुठ्ठ्यात पातं रुतलं, बाहेर ओढताना जरा तिरकं झालं, पात्याच्या पाठीवर जोर आला, फार नाही, रोजच्या कामात येतो तेवढाच, आणि लॉक सुटून पातं बोटांवर मिटलं. हातमोजा होता म्हणून तर्जनीवर नुसती लाल रेघ उठली. मोज्याला मात्र आरपार काप. मोजा ठेवून दिलाय, त्याचा फोटो कंपनीला पाठवलाय.

लेखात या लॉकबद्दल तीन शब्द होते, 'मजबूत लायनर लॉक', म्हणून ते काय प्रकरण आहे ते जरा सांगतो. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी स्प्रिंगसारखी वाकवलेली असते, पातं पूर्ण उघडलं की ती आपोआप आत सरकते आणि पात्याच्या बुडामागे जाऊन टेकते. बस, एवढंच. तुमचं बोट आणि धार यांच्यामधे पत्र्याची ती एक कड उभी असते. इलेक्ट्रिशियनच्या जुन्या चाकूंत स्क्रूड्रायव्हर अडकवून ठेवायला अशी पट्टी असायचीच, पण आज खिशात दिसतं ते रूप मायकल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसवलं आणि तेव्हापासून निम्मी दुनिया तेच बनवतेय, कारण बनवायला सोपं. सोपं म्हणजे वाईट बनवायलाही सोपं. पट्टी जिथे टेकते तिथे पात्याच्या बुडाला हलकासा उतार दिलेला असतो, सात-आठ अंशांच्या आसपास, त्या उतारामुळे ती पाचरीसारखी बसते. उतार जास्त झाला की जोर आल्यावर पट्टी घसरते, कमी झाला की अशी चिकटते की मिटवताना अंगठा दुखून येतो. सगळा खेळ एकदोन अंशांचा आहे, आणि तो मशिनवर जमला की नाही हे दर चाकूला उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

माझ्या चाकूत पट्टी बुडाच्या नुसत्या काठावर उभी होती, नखाच्या कडेएवढी टेकलेली. नव्या चाकूत ती बुडाच्या जाडीच्या निदान पाव ते एक तृतीयांश हिश्शापर्यंत, फार तर निम्म्यापर्यंत आत आलेली असावी, वापरता वापरता ती हळूहळू पुढे सरकते म्हणून पलीकडे जागाही शिल्लक हवी. हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही हो, चाकू उघडायचा आणि मुठीत खालच्या बाजूने डोकवायचं, नुसत्या डोळ्याला दिसतं. ज्याने तो फोममध्ये ठेवला, वर स्टिकर ठेवले, कार्ड ठेवलं, त्याने दोन सेकंद उघडून बघितला असता तरी सापडलं असतं. अकरा महिन्यांत तेवढे दोन सेकंद कुणाला मिळाले नाहीत.

यावर आमचा एक मित्र म्हणतो, अरे पूर्वी कुठे लॉक होतं, लोक वापरतच होते ना. बरोबर आहे त्याचं. स्विस ऑफिसरचा चाकू १८९७ ला पेटंट झाला, त्या घराण्यातल्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूंत मोठ्या पात्याला आजही लॉक नाही, नुसती पाठीची स्प्रिंग. फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० पासूनचा, त्याच्या गळ्यातली फिरवायची कडी आली १९५५ ला, म्हणजे पासष्ट वर्षं लोकांनी तो बिनलॉकचाच वापरला आणि बोटं शाबूत ठेवली. पण का ठेवली? कारण चाकू मिटू शकतो हे हाताला माहीत होतं. माझ्या खिशात आधी होता तो साधा बिनलॉकचा, सतरा वर्षं वापरला, त्याचं पातं कधी रुतलं तर हात आपोआप सरळ मागे यायचा, पाठीवर जोर जाऊच द्यायचा नाही. नव्यात लॉक आहे म्हटल्यावर नऊ दिवसांत हाताने ती सवय सोडली. लॉक नसलेला चाकू निदान तसं तोंडावर सांगतो, लॉक असूनही सुटणारा चाकू खोटं बोलतो आणि आपण त्या खोट्यावर बोट ठेवतो, अक्षरशः. म्हणून डुगडुग, कललेलं पातं, वाकडी धार हे सगळं मी एका पारड्यात टाकतो आणि लॉक एकटं दुसऱ्या. पहिल्याला कुरकुर म्हणा हवं तर. दुसरं कुरकुर नाही.

आता स्टीलकडे येतो, कारण तुमच्या लेखात एक सरळ चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला पाहिजे. लेखात म्हटलंय की याचं पातं डी-टू स्टीलचं आहे, 'म्हणजेच कधीही गंज न लागणारं'. नाही हो. डी-टू हे मुळात डाय, म्हणजे कारखान्यातले साचे, बनवायचं टूल स्टील, कार्बन साधारण दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. स्टेनलेस म्हणवायला क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं असं धरतात, त्यामुळे कागदावर डी-टू पास होतं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर जाऊन कार्बाइडचे कण बनवण्यात खर्ची पडतं, गंजाशी लढायला उरतं ते थोडंच. ते कण टणक असतात म्हणून पुठ्ठ्यावर धार टिकते हे मात्र खरं, आणि म्हणूनच मला हे स्टील पाहिजे होतं. पण घामट खिशात दोन दिवस राहिलं की क्लिपपाशी तपकिरी ठिपके, माझ्या पात्यावर आठवडाभरात तीन आले, तेलाच्या फडक्याने पुसले गेले. उलट लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने काढलेलं मॅग्नाकट नावाचं स्टील बघा, २०२१ ला बाजारात आलं, त्यात क्रोमियम डी-टूपेक्षा कमी, १०.७ टक्के, तरी गंजाला कितीतरी भारी, कारण त्यात क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकू दिलेलंच नाही. आकडा मोठा म्हणून गुण मोठा असं या धंद्यात नसतं.

आणि स्टीलचं नाव म्हणजे तरी काय, अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी भट्टीत. जुने लोहार म्हणायचे पाणी कसं दिलंय त्यावर धार, ते आजही तसंच आहे, फक्त आता त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात आणि त्यातून आलेला टणकपणा रॉकवेलच्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तेवढं स्टील टणक. कंपनीच्या पानावर लिहिलंय ५८ ते ६२. आता हे म्हणजे चप्पल सहा ते दहा नंबर असं सांगण्यासारखं झालं! तेच स्टील ५८ ला असेल तर धार लवकर मुडपते, ६२ ला असेल तर ती जास्त दिवस चालेल पण पात्याला कुठे पिळ बसला तर टवका उडायची भीती जास्त. मला माझा चाकू नक्की कुठे आहे ते कळायला नको का? स्विस चाकूचं पातं ५६ च्या आसपास असतं, म्हणजे मऊच, पण ते दर वेळी तसंच असतं, दहा चाकू घ्या दहाही सारखे, म्हणून माणसाला माहीत असतं की चार दिवसांनी दगडावर चार हात मारायचे. मऊ असल्याचं दुःख नाही, भरवसा नसल्याचं आहे.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगतो, नाहीतर म्हणाल सगळंच रडगाणं. बऱ्याच जणांनी पहिल्या दोन दिवसांत धार गेली म्हणून स्टीलला शिव्या घातल्यात, त्यात जरा थांबायला पाहिजे. कारखान्यात शेवटची धार वेगवान बेल्टवर काढतात, तिथे धारेची अगदी बारीक कड तापून मऊ पडू शकते, शिवाय काठावर सूक्ष्म वळलेली कणी राहते, ती पहिल्या दिवशी धारदार लागते आणि दुसऱ्या दिवशी गळते. दोन-तीनदा नीट दगडावर पाजवून घ्या, आतलं खरं स्टील लागतं, मग बोला. मी एका बाजूला साधारण वीस अंश धरून पाजवला, नंतर पाच दिवस दणकून खोकी फोडली आणि धार होती. लेखकाने यातलं काही लिहिलं असतं तर आमच्यासारख्याला उपयोग झाला असता. पण लेख वाचून वाटतं की त्यांनी चाकू उघडला, मिटवला, फोटो काढला आणि उंटावरून शेळ्या हाकल्या. त्यात त्यांची तरी पूर्ण चूक म्हणता येत नाही, त्यांच्याकडे येतो तो चाकू कंपनीने निवडून पाठवलेला असतो, तो कललेला असेल कशाला? असे लेख छापताना चाकू विकत घेतला की कंपनीने दिला आणि किती दिवस वापरला, एवढ्या दोन गोष्टी खाली बारीक अक्षरात का होईना छापाल का? माझी तुमच्याकडे मागणी तेवढीच.

कंपनीला मी मेल केला, मोज्याचा फोटो, पट्टीचा फोटो, सगळं. दोन दिवसांनी उत्तर, आपला चाकू ठरलेल्या मर्यादेत आहे. कुठली मर्यादा, किती मिलिमीटर, ते विचारलं तर ते अंतर्गत असतं म्हणे. बरं, म्हटलं मी स्वतः उघडून बघतो आत काय आहे, तर वॉरंटी कार्डावर लिहिलंय की स्क्रू खोलले तर वॉरंटी रद्द. आता फोल्डिंग चाकू म्हणजे खिशातला कचरा गोळा करायचं यंत्र, पुठ्ठ्याची धूळ, कापडाचे तंतू सगळं त्या बेअरिंगमध्ये जातं, महिना-दोन महिन्यांत खोलून साफ करून तेलाचा एक थेंब द्यावाच लागतो, नाहीतर ज्या गुळगुळीतपणाचा व्हिडिओ केला तो राहत नाही. म्हणजे साफ करायचा नाही, साफ नाही केला तर अडकणार, अडकला की तुम्ही नीट ठेवला नाहीत. आमच्या सुपरवायझरला हे सांगितलं तर तो म्हणाला, अरे हे तर आपल्या रजेच्या नियमासारखं झालं.

आणि ज्यांना चाकूंचा नाद आहे त्यांचं एक ठरलेलं वाक्य, पहिल्या बॅचला असं होतंच, दुसरीत सुधारतात. होतं, मान्य आहे, नवीन वस्तूत त्रुटी निघणार, माणसंच बनवतात. पण मग अकरा महिने ढोल वाजवताना तसं सांगा ना, की बाबांनो पहिली बॅच तपासायला म्हणून देतोय, बोटं सांभाळा. तिथे तर 'प्रत्येक चाकू हाताने तपासलेला' असं छापलं होतं. पैसे आधी आम्ही भरले, वाट आम्ही बघितली, दोष आम्ही शोधले, फोटो काढून पाठवले ते पण आम्हीच, आणि सुधारलेला चाकू जाणार दुसऱ्या बॅचवाल्याला. हा क्वालिटी कंट्रोलवाल्याचा पगार आमच्या खात्यात कधी जमा होतो ते तेवढं कळवावं.

ज्यांच्याकडे हा किंवा दुसरा कुठलाही नवीन लॉकवाला चाकू आलाय त्यांच्यासाठी मी काय करतो ते सांगतो, वाटलं तर करा. आधी उघडून पट्टी किती आत आलीय ते बघायचं. मग धारेवर पुठ्ठ्याची घडी घालून वर जाड टेप गुंडाळायचा, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची म्हणजे पातं मिटलं तरी वाटेत एकही बोट येणार नाही अशी, आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर ठेवून हळूहळू जोर वाढवायचा. आपटायचं नाही. काही लोक पाठीवर धाडधाड आपटून लॉक तपासतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, त्याने चांगलं लॉकसुद्धा खराब होऊ शकतं. हळू जोराला पट्टी जराही सरकताना दिसली तर तो चाकू कामाला काढायचा नाही, कंपनी काहीही म्हणो. पट्टी नुसती चिकटत असेल, अंगठ्याला हटत नसेल, तर ते फार गंभीर नाही, पट्टी टेकते त्या जागी साधी पेन्सिल घासायची, शिशाने ती सुटी होते, थोडे दिवस वापरल्यावर बऱ्याचदा आपसूक बसते. आडवी डुगडुग असेल तर आधी स्क्रू. उभी डुगडुग, म्हणजे पातं वर-खाली हलत असेल, तर स्क्रू आवळून काही होत नाही, ते लॉकचंच दुखणं, परत पाठवा.

मी परत पाठवला. सध्या खिशात तोच सतरा वर्षांचा जुना, पाजवून पाजवून पातं बोटभर रुंदीचं होतं ते आता निम्म्यावर आलंय, आणि हात दोन दिवसांत पुन्हा त्याच्या वळणावर गेला.

आपला,
गोडाउनमधला एक वाचक

ता. क. हे पाठवायच्या आतच कंपनीचा मेल आला. 'मर्यादेत' हा शब्द या वेळी नाही, दुसऱ्या बॅचमधला नवीन चाकू पाठवतोय म्हणतात, चार दिवसांत येईल. बायको हसली, कारण मी लगेच कॅलेंडर बघितलं. आला की आधी वहीचा कागद सरकवून बघणार.